डांबरीची दोन घरं

डांबरी मला डांबरात सापडली, म्हणून डांबरी. नाव ठेवताना आमच्या घरात याहून जास्त डोकं कुणी चालवत नसे. म्हैस काळी होती, तर तिचं नाव काळी. मी तिसरी मुलगी झाले, तर माझं नाव ठेवलं पुरे. शाळेत घालताना बाईंना दया आली आणि त्यांनी हजेरीत पूर्णा लिहिलं, तीच मी. दौलताबादच्या रस्त्यावर तेव्हा डांबर टाकायचं काम चाललं होतं. आमचं पडेगाव तेव्हा शहरात नव्हतं, आणि आमच्याकडच्या बायका औरंगाबादला औरंगाबाद म्हणत नसत, नुसतं 'शहरात' म्हणत. आता शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पडेगाव स्वतःच शहरात जाऊन बसलं, तरी तिथल्या बायका बाजाराला निघाल्या की 'शहरात चालले' असंच म्हणतात. तर त्या रस्त्याच्या कडेला पिंपं आडवी पडलेली, त्यांतून गळालेल्या डांबराचं डबकं गार होत आलेलं, आणि त्यात पोटापर्यंत रुतलेलं हे पिल्लू. त्याचा आवाज बसला होता. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. खडी टाकणारा एक बाप्या बिडी ओढत बघत बसला होता. म्हणाला, "पोरी, हात नको घालू, तू बी चिकटशील."

मी हात घातला आणि चिकटले. बाप्यानं बिडी विझवली, मला काखेत धरून ओढलं आणि वर दोन शिव्या दिल्या. घरी गेले तेव्हा माझा परकर, माझे हात आणि पिल्लू हे सगळं एकच झालं होतं. माय म्हशीला पेंड घालत होती. तिनं आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग पिल्लाकडं बघितलं, आणि मग करडईच्या तेलाचा डबा काढला. डांबर पाण्यानं जात नाही, तेलानं जातं. अख्खी दुपार ती फडक्यानं पुसत होती आणि पिल्लाला बोलत होती. "मर की एकदाचं. मरत बी नाय. माझं महिन्याचं तेल पिऊन मरशील का आता? हल मेल्या, डोळा दाखव." मेल्या म्हणत होती, पण बोट इतकं हळू फिरवत होती की पिल्लू तिच्या मांडीवरच झोपलं. शेपटीच्या टोकाचे केस डांबराबरोबर निघून गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. संध्याकाळी कळलं की मेल्या नव्हे, मेली आहे.

संध्याकाळी नाना आले. नाना म्हणजे माझे वडील. कंपनीत मशिनवर होते. कंपनीची बस त्यांना सकाळी फाट्यावरून उचलायची आणि दिवस मावळताना फाट्यावर आणून सोडायची. फाट्यापासून घरापर्यंत नाना असे चालत यायचे की वाटावं, कंपनी त्यांच्याच जिवावर चाललीय आणि ते फक्त जेवायला घरी आलेत. त्यांनी मांजर बघितलं आणि निकाल दिला, "मांजर बेइमान जात. कुत्र्याला इमान असतंय. ह्याला नसतंय. खाईल आपलं आन् गुण गाईल दुसऱ्याचं." माय म्हणाली, "उंदरं लई झालेत ज्वारीत." उंदरं काही लई झाली नव्हती. पण मायची घरातली सगळी कामं अशीच व्हायची. हवं ते मागायचं नाही, उंदरांच्या नावावर घालायचं.

आता त्या वेळचं आमचं घर सांगायला हवं, म्हणजे भिंत सांगायला हवी. माझ्या थोरल्या दोघी बहिणी तोवर सासरी गेल्या होत्या. नाना आणि तात्या हे सख्खे भाऊ, नाना थोरले. माझी माय आणि सुमनमावशी या सख्ख्या बहिणी, माय थोरली. दोघी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. एक अंगण, एक आड, एक धुण्याचा दगड. मला भूक लागली की ज्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आधी येईल त्या घरात मी शिरायची. मावशी ही माझी काकूही होती, पण कुणी काकू म्हटलं तर तिला राग यायचा. "काकू परकी असती, मी तुझ्या मायची पाठची हाय," असं म्हणायची.

मग तात्यांच्या शोभाचं लग्न निघालं. लासूर स्टेशनचं स्थळ, अडतीचं दुकान, माणसं तालेवार. लग्नात व्याह्यांनी मुलीकडच्या मानाच्या माणसांना फेटे बांधायचे असतात. फेटेवाला आला तेव्हा नाना आचाऱ्याच्या उरावर बसले होते, कारण वांग्याच्या भाजीत तेल कमी आहे असं त्यांना वाटत होतं. परत येऊन बघतात तर तात्यांच्या डोक्यावर फेटा. गुलाबी, तुऱ्याचा, पहिला. नाना तिथंच थांबले. व्याह्यांना म्हणाले, "ह्या घरात थोरला कोण?" व्याही म्हणाले, "आपणच की." "मग त्याच्या डोक्यावर ते का हाय?" व्याही म्हणाले, "ते मुलीचे वडील, म्हणून आधी…" नानांनी विचारलं, "मुलीचा बाप मोठा का घरातला थोरला मोठा?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी भटजी पंचांग उलटंपालटं करू लागले. दुसरा फेटा तयार होता, फेटेवाल्यानं घाईघाईनं तो नानांच्या डोक्यावर बांधलाही. नानांनी तो उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "दोन नंबरचा फेटा मला नको." तात्यांनी आपला उतरवून भावाच्या डोक्यावर ठेवला असता तर विषय तिथंच मिटला असता. तात्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. आम्ही न जेवता निघालो. बुंदी, पुऱ्या, वरण-भात, सगळं पंगतीत वाढायला घेतलं होतं. मायनं पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या होत्या की नव्हत्या हेही तिला पुढं आठवत नव्हतं. मला विचाराल तर आजही बुंदीचंच वाईट वाटतं.

त्या पावसाळ्याच्या आधी नानांनी अंगणात मधोमध भिंत घातली. गवंडी लावला नाही, रविवारी रविवारी स्वतः बांधली, कारण अपमान त्यांचा स्वतःचा होता. डोक्याच्या वर विटा गेल्यावर ते थांबले. उभं राहायच्या परांचीसाठी आडव्या घातलेल्या वाशाचं एक भोक बुजवायचं राहून गेलं, तेवढ्यातून मला पलीकडचा तुकडा दिसायचा. आड त्यांच्या बाजूला गेला, म्हशीचा गोठा आमच्या बाजूला आला, धुण्याचा दगड तिकडं गेला म्हणून नानांनी नवा दगड आणून टाकला. भिंत झाली त्या दिवशी नानांनी मायला समोर उभं केलं आणि म्हणाले, "सुमनशी एक शबूद बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." मग माझ्याकडं वळले. "आन् तू. तिला मावशी म्हणायचं नाय. काकू बी म्हणायचं नाय." मी विचारलं, "मग काय म्हणू?" नाना म्हणाले, "काहीच म्हणू नको. म्हणायची गरज काय?"

आजच्या मुलींना शपथ म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. माझी नात आईच्या गळ्याची शपथ घेऊन घेऊन दिवसभर खोटं बोलते आणि तिची आई ठणठणीत आहे. पण माय त्या जातीची नव्हती. नवऱ्यानं स्वतःच्या मरणाची शपथ घातली म्हणजे ती बोलल्या क्षणी कंपनीतलं मशीन नानांना ओढून घेणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भिंतीपलीकडं बहीण खोकली तरी ही इकडं ओठ दाबून उभी राहायची. मावशीलाही तात्यांनी अशीच काहीतरी शपथ घातली असणार, कारण त्या घरातही फेट्यापुढं कुणाला काही सुचत नव्हतं.

आणि डांबरी मोठी झाली तेव्हा एका उडीत भिंतीवर गेली, दुसऱ्या उडीत पलीकडं. इकडं तिला दूध-भाकरी मिळायची. तिकडं तात्यांना सुकट आवडायची. आता मांजराला दूध-भाकरी आणि सुकट यांतलं काय आवडावं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मी संध्याकाळी "डांबरे, डांबरे" करत भिंतीखाली ओरडायची आणि ही पलीकडून मिशा चाटत यायची. मला राग यायचा. माझ्या परकराचं वाटोळं करून वर काढलेली ती, तिनं माझंच असायला हवं होतं.

एके दुपारी माय धुणं धूत होती. डांबरी भिंतीवर ऊन खात पसरली होती. पलीकडून मावशीचा आवाज आला, मुद्दाम मोठा. "डांबराबाई, घरी जाऊन सांगा, दूध पाजवत नसंल तर मांजर पाळू नये म्हणावं. माझ्या पातेल्यात तोंड घालून राहिलीस रोज." माय धुता धुता थांबली. माझ्याकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं, जणू वर कुणी कायदा जाणणारा बसलाय. मग डांबरीकडं बघून म्हणाली, "डांबरे, सांग तिकडं, पातेल्यावर झाकण ठिवायचं आईनं दोघींनाबी शिकवलं व्हतं. एकीच्याच ध्यानात राहिलं."

मग पलीकडून मावशी हसली. मावशी हसताना नाकातून आवाज काढायची, तो आवाज मी भिंत झाल्यापासून ऐकला नव्हता. मायनं ओला पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती.

तेव्हापासून हे रोजचं झालं. मायनं स्वतःच त्याचे नियम केले आणि स्वतःच ते काटेकोर पाळले. दर बोलण्याआधी डांबरीचं नाव घ्यायचं. डोळे डांबरीकडंच ठेवायचे. आणि डांबरी भिंतीवर बसलेली असेल तरच बोलायचं. ती उठून गेली की तोंडातलं वाक्य तोंडात. त्यामुळं तिला भिंतीवर बसवून ठेवणं हे दोन्ही घरांचं काम होऊन बसलं. इकडून साय, तिकडून सुकट. मांजर इतकं सुटलं की उडी मारताना आधी विचार करायला लागलं. मी शाळेतून आले की भिंतीखाली दप्तर टाकून ऐकत बसायची. "डांबरे, इचार, शोभाचं पत्र आलं का?" "डांबराबाई, सांगा, आलंय. सासू बरी हाय म्हणं, सासरा कटकट्या." "डांबरे, सांग, सासरा कटकट्या असंल तर तिखट येसर जास्त टाकून आमटी कर म्हणावं, खोकण्यात वेळ जाईल त्याचा." डांबरी दोघींच्या मधे पाय पोटाशी घेऊन बसायची आणि जांभया द्यायची. तिच्याइतकं कमी बोलून इतका निरोप कुणी पोचवला नसेल.

मग एक दिवस डांबरीमार्फत बातमी आली की शोभाला दिवस गेलेत. माय दगडावर बसली ती उठलीच नाही. काय खावं, काय खाऊ नये, कुठल्या महिन्यात काय दुखतं, सगळं डांबरीला समजावून सांगितलं. पुढचे काही महिने आमच्या भिंतीवर दुसरा विषय नव्हता. एवढं ज्ञान कानावर पडलेलं मांजर दुसरं नसेल.

त्या गडबडीत एक दिवस कंपनीतलं मशीन बंद पडलं म्हणून नाना दुपारीच घरी आले. बस नसल्यानं चालत आले, म्हणजे आवाज न करता आले. माय सांगत होती, "डांबरे, सातव्यात पाय सुजतेत. घाबरू नको म्हणावं. पाय उशीवर ठिवायचे." पलीकडून आलं, "डांबराबाई, इचारा, डिंकाच्या लाडवात मेथी किती घालायची?" नाना दोघींच्या मधलं हे ऐकत गोठ्याच्या दारात उभे होते. मला ते दिसले, मायला नाही, तिचे डोळे नियमाप्रमाणं डांबरीकडं.

"कोणाशी बोलायलीस?" नाना म्हणाले.

माय न दचकता म्हणाली, "मांजराशी."

"मांजराचे पाय सुजलेत?"

"व्हय."

नानांनी डांबरीच्या पायांकडं बघितलं. डांबरीनं एक पाय उचलून चाटला. पलीकडं मावशीच्या हातातून काहीतरी पडलं. नाना मोठ्यानं ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांत बसले, चहा मागितला, चहा पिऊन झाल्यावर कपबशी बाजूला सारली आणि शपथ वाढवली. कंपनीत साहेब चुकीचा कागद सुधारून देतात तशी. "सुमनशी नाय. सुमनच्या नावानं मांजराशी नाय. म्हशीशी नाय, कोंबडीशी नाय, भिंतीशी नाय. आपल्याआपण मोठ्यानं बी नाय. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." म्हशीचं नाव घेताना ते अडखळलेसुद्धा नाहीत. एवढी डोक्याची धार त्यांनी शेतीत लावली असती तर आज माझ्या नावावर मळा असता.

रविवारी त्यांनी ढाब्यावरून बाटल्या आणल्या, फोडल्या आणि भिंतीच्या माथ्यावर सिमेंटात काचा रोवल्या. मायनं विचारलं, "कशाला?" म्हणाले, "चोर येतेत." आमच्या घरात चोरण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तेव्हा तिकडं सुकट खात बसली होती. दिवेलागणीला ती नेहमीसारखी घरी यायला निघाली. मी भिंतीखाली उभी होते. पंजाची नखं वाजली, मग एक किंकाळी, मग पलीकडं धप्प. मी वाशाच्या भोकाला डोळा लावला. मावशीनं तिला पदरात घेतलं होतं. पाय धुतला, हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. आणि सगळा वेळ एक शब्द बोलली नाही, मांजराशीसुद्धा नाही, आमच्या बाजूला ऐकू जाईल म्हणून. नाना म्हणाले, "बघितलं? तिकडंच राहिली. मी म्हणलं नव्हतं, बेइमान जात?"

पाय बरा झाला तरी डांबरी आली नाही. रस्त्यानं येता आलं असतं, फाटक उघडंच असायचं. मी भोकातून हाका मारायची, ती मावशीच्या गोधडीवर उन्हात पडलेली असायची, एक कान माझ्याकडं फिरवायची आणि पुन्हा झोपायची. मला फार लागलं ते. लहानपणी रडलेलं माणूस विसरतं म्हणतात. मी नाही विसरले. तिला डांबरातून मी काढलं, अंगावरचं डांबर मायनं काढलं, आणि ती त्या घरची झाली. आता वाटतं, ज्या घरात तोंड उघडायची चोरी, त्या घरात मांजरानं तरी काय म्हणून यावं? आमच्या घरात तिला डांबरे म्हणून हाक मारणारी मी एकटी उरले होते, तीही भोकातून.

माय गप्प झाली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. धुणं असं आपटायची की नानांच्या कंपनीच्या शर्टाची बटणं उडायची. शोभा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तिचा आवाज भिंतीवरून यायचा, आणि माय इकडं डिंक तळत बसायची. मेथीचे, डिंकाचे लाडू तिनं डबाभर केले. पाठवायचे कसे, कुणाच्या हाती, काही ठरलं नव्हतं, पण केले. नानांना डबा सापडला. रोज जेवल्यावर दुधाबरोबर एक खायचे. म्हणायचे, "झाक झालेत. कंबर हलकी वाटायली." बाळंतिणीचे लाडू खाऊन नानांची कंबर सुधारली आणि शोभाचा डबा रिकामा झाला. माय डब्याचा तळ बघत राहिली.

आणि मग तो दिवस. सुट्टीचा होता, कारण मी घरी होते, पण कंपनीला सुट्टी नव्हती. दुपारचं जेवण झालं होतं. माय दगडावर, मी काळीच्या गोठ्यात. पलीकडून मावशीचा आवाज आला. तिचा तो आवाज मी ओळखलाच नाही.

"डांबराबाई… आक्काला सांगा. पोरीला कळा सुरू झाल्यात. हे लासूरला गेलेत, व्याह्याकडं. घरात मी एकटी हाय. मला काय सुधरंना."

मायच्या हातात नानांचा शर्ट होता. ती तशीच उभी राहिली, शर्टातून पाणी गळत. इकडच्या बाजूला मांजर नव्हतं. म्हैस होती, पण म्हैसही शपथेत होती. पलीकडून शोभा ओरडली. मग मावशी पुन्हा, "डांबराबाई, सांगा की वं. सांगा की आक्काला."

मी म्हणाले, "माय, बोल ना."

मायचा चेहरा पिठासारखा झाला होता. म्हणाली, "तुझा बाप आत्ता मशिनवर उभा असंल."

एवढंच म्हणाली. बहीण एका बाजूला आणि नवऱ्याचा जीव दुसऱ्या बाजूला, असं तिच्या हिशेबात सरळ होतं. मला तेव्हा चीड आली, आज येत नाही. कारण तिला ते खरं वाटत होतं. गंमत म्हणून, हट्ट म्हणून शपथ मोडणं वेगळं. तिनं शर्ट पिळला, दोरीवर नीट वाळत घातला, बाह्या सरळ केल्या, कंपनीच्या दिशेला तोंड करून हात जोडले. आणि मग भिंतीकडं वळून तिनं जो आवाज लावला तो फाट्यापर्यंत गेला असेल.

"सुमे! रडू नको! पाणी तापव, मी आले!"

पायात चप्पल नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, अशी ती फाटकातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून त्यांच्या फाटकात गेली. मला नर्सबाईंना आणायला पिटाळलं. मी आले तेव्हा दोघी बहिणी एकमेकींवर खेकसत होत्या. "आक्का, ते फडकं नको, मळकंय." "मग चांगलं दे की, उभी काय राहिलीस खांबासारखी." "देते ना, ओरडायलीस काय?" एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं आणि त्यात एकाही वाक्याला डांबरीचं नाव नव्हतं. डांबरी पडवीत होती. ती उठून माझ्याजवळ आली, माझा हात हुंगला. मी तिला मांडीवर घेतलं आणि शोभाच्या ओरडण्याबरोबर दोघी दचकत बसलो.

दिवस कलायला लागला तेव्हा पोरगी झाली. रडली, म्हणजे सगळं ठीक. नर्सबाई हात धुऊन गेल्या. मावशी हसत होती, नाकातून. आणि माय एकदम म्हणाली, "वाजले किती?" आणि माझा हात धरून घराकडं निघाली. मी डांबरीला काखेत मारलं. आता ती आपली, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आम्ही उंबऱ्यावर बसलो. फाट्याकडचा रस्ता तिथून सरळ दिसायचा. बसची वेळ झाली. बस आली नाही. रस्त्यानं ट्रक गेले, एक बैलगाडी गेली, दौलताबाद बघून परतणारी शाळेच्या पोरांची गाडी गाणी म्हणत गेली. मायचे ओठ हलत होते, काहीतरी देवाचं चाललं होतं. डांबरी माझ्या काखेतून निसटली, उंबरा उतरली, आणि कुठंही न थांबता फाटकातून रस्त्यावर गेली. डावीकडं वळली, मावशीच्या फाटकात. मी उठले. मायनं रस्त्यावरची नजर न काढता माझा परकर धरला. "जाऊ दे. तिचं घर हाय ते." मी रडायला लागले. माय म्हणाली, "गप. बस आली नाय अजून."

मग बस आली. माणसं उतरली, एक, दुसरा, तिसरा, आणि नाना उतरत नव्हते. मग उतरले. चालायला लागले, नेहमीसारखे, कंपनी त्यांच्याच जिवावर असल्यासारखे. माय उठली, धावत गेली आणि रस्त्याच्या मधोमध, चार माणसांदेखत, नानांचे दोन्ही दंड धरून दाबून बघितले.

"काय झालं?" नाना घाबरले.

"बोलले मी," माय म्हणाली. "सुमीशी बोलले. तोंडावर बोलले. दुपारधरनं बोलायले."

नानांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला, तिथं काही होतंय का बघायला. काही होत नव्हतं. मग ते खाकरले आणि म्हणाले, "बस पंक्चर झाल्ती."

"पोरगी झालीय शोभाला."

"बरं." घराकडं चालता चालता म्हणाले, "भाकरी टाकली का?"

"नाय. आज तिकडं जेवायचंय."

नाना थांबले. "मला तात्यानं बोलावलं का?"

तात्या लासूरहून आले होते, पोरगी झाल्याचं कळताच फाट्यावर जाऊन जिलबी घेऊन आले होते, मुलगी झाली की जिलबी वाटायची म्हणून. त्यांना मावशीनं सांगितलं, जा, भावाला बोलवा. तात्या म्हणाले, "मी का जाऊ? फेटा त्यानं फेकला." आणि इकडं नाना म्हणाले, "बोलावल्याशिवाय जायला मी काय मांजर हाय का?" मायनं दोघांचंही ऐकून घेतलं. मग माझा हात धरला, दार ओढून घेतलं, आणि नानांना पडवीतल्या बाजेवर सोडून मला घेऊन गेली.

मावशीनं वांग्याचं भरीत केलं होतं, येसराची आमटी, गरम भाकरी. माय त्या घरात पाटावर बसली, बहिणीच्या हातचं ताट समोर घेतलं, आणि जेवायला लागली. आमच्या घरात ती नेहमी शेवटी, भांड्यात उरेल ते उभ्याउभ्या खायची. तिला बसून जेवताना बघायची मला सवय नव्हती. डांबरी तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती, माय घासाघासाला तिला आमटीत बुडवलेला तुकडा टाकत होती. मधेच तिचा हात थांबला. ताट तसंच ठेवून उठली, बाहेर गेली, भिंतीच्या वाशाच्या भोकाला डोळा लावून बराच वेळ उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघत होते. परत आली, पाटावर बसली, पदर सावरला.

"घोरायलेत," म्हणाली, आणि आणखी एक भाकरी वाढून घेतली.